फुटलेला माल आणि परत आलेले पैसे

गेल्या काही वर्षांत मशिदीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी व्यवहाराविषयीचे प्रश्न उधारीचे, गहाणाचे, भागीदारीचे किंवा कापसाच्या सौद्यात दिलेल्या इसाराचे असत. आता जुम्याच्या नमाजनंतर एखादा तरुण मोबाइल पुढे करतो आणि पडद्यावरचे छायाचित्र दाखवतो. त्यात पुठ्ठ्याचा फाटलेला खोका, ओला झालेला कागद आणि काचेचे तुकडे असतात. चांदूर रेल्वे हे काही मोठे व्यापारी केंद्र नव्हे. तरीही येथल्या काही घरांतून आज अत्तराच्या कुप्या, काचेच्या बांगड्या, चिनी मातीची भांडी ऑनलाइन विकली जातात, आणि त्याहून कितीतरी अधिक माल येथे मागवला जातो. माल जितका लांबून येतो तितका तो अधिक हातांतून जातो, आणि जितक्या हातांतून जातो तितका वाटेत फुटण्याचा संभव वाढतो. फुटला की वाद होतो.

विचारणारा विक्रेता असेल तर त्याचे म्हणणे असे असते की, मी माल नीट बांधून दिला होता, तो वाटेत फुटला, मग त्याचे पैसे मी का परत करावेत? विचारणारा खरेदीदार असेल तर प्रश्न वेगळा असतो. एकाने मला जवळजवळ याच शब्दांत विचारले होते : "मौलाना, सहा कपांतला एकच कप फुटला होता. फोटो टाकला तं कंपनीनं सगळे पैसे वापस केले, अन् माल बी ठेवून घ्या म्हणे. बाकीचे पाच कप वापरले तं चालते का?" या दोघांखेरीज या व्यवहारात एक तिसराही माणूस असतो. तो दुचाकीवर पाठीएवढी पिशवी घेऊन दारोदार फिरतो. तो सहसा काही विचारत नाही, कारण त्याला तेवढी उसंत नसते. त्याच्याविषयी शेवटी लिहितो.

या लेखात फतवा देण्याचा हेतू नाही. प्रत्येक व्यवहाराचे तपशील निराळे असतात आणि ते मुफ्तींपुढे ठेवूनच निर्णय घेतला पाहिजे. येथे केवळ त्या प्रश्नांमागे असलेला नैतिक प्रश्न उलगडून पाहावयाचा आहे : कोणाचाही उघड अपराध नसताना जे नुकसान होते, ते कोणाचे?

विक्रेत्याच्या म्हणण्यापासून आरंभ करू. त्यात माझा काय दोष, असे तो विचारतो. परंतु इस्लामी न्यायशास्त्र येथे दोषापासून विचार सुरू करीत नाही, ते जोखमीपासून सुरू करते. या जोखमीला फिकहच्या परिभाषेत 'जमान' असे नाव आहे. एखाद्याच्या गोठ्यातील बैल वीज पडून मेला तर मालकाचा काय दोष? काहीच नाही. तरीही नुकसान त्याचेच, कारण बैल त्याच्या जोखमीवर होता. हनफी फिकहनुसार सौदा ठरला, किंमतही चुकती झाली, तरी माल खरेदीदाराच्या ताब्यात जाईपर्यंत तो विक्रेत्याच्याच जोखमीवर असतो. ताबा मिळण्याआधी माल नष्ट झाला तर सौदाच संपुष्टात येतो आणि घेतलेली किंमत परत करावी लागते. ही परतफेड शिक्षा म्हणून नाही. जी वस्तू दिलीच गेली नाही तिची किंमत आपल्याजवळ ठेवण्याला काही आधार उरत नाही, एवढेच त्याचे कारण.

या नियमाची मुळे खोल आहेत. धान्य विकत घेतल्यावर ते आपल्या ताब्यात येण्याआधीच पुढे विकण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, आणि जी वस्तू आपल्या जोखमीवर नाही तिच्यावर नफा कमावण्यासही मनाई केली. जोखीम ज्याची, लाभही त्याचाच, या आशयाचा नियम फकीहांनी हदीसवरूनच घेतला आहे. आपल्या विक्रेता बंधूंनी या वाक्याची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी. ज्याला नफा हवा आहे त्याने जोखीम दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवू नये. (आपल्याजवळ नसलेला माल विकू नये, अशी ताकीद प्रेषितांनी हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना दिली होती. जे तरुण दुसऱ्याच्या गोदामातील मालाची छायाचित्रे लावून 'ऑर्डर' घेतात आणि तो माल आयुष्यात कधी पाहतही नाहीत, त्यांनी ही हदीस एखाद्या आलिमाकडून सविस्तर समजून घ्यावी. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

येथे एक प्रश्न उभा राहतो. विक्रेत्याने माल कुरिअरच्या हाती दिला म्हणजे तो खरेदीदाराला दिला असे होते काय? भारतीय कायद्याने यावर दीर्घकाळ होकारार्थी उत्तर दिले आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार खरेदीदाराकडे पोहोचवण्यासाठी माल वाहकाच्या हाती देणे म्हणजे, सकृद्दर्शनी, तो खरेदीदाराला देणेच होय. मात्र त्याच कलमात पुढे अट आहे. मालाचे स्वरूप पाहून विक्रेत्याने वाहकाशी योग्य तो करार केला पाहिजे. तसा तो केला नाही आणि माल वाटेत खराब झाला, तर खरेदीदार ती पोच नाकारू शकतो. काचेचा माल लोखंडाच्या मालासारखा पाठवता येत नाही, हे व्यवहारज्ञान त्या कलमात आहे.

फिकहचे उत्तर प्रतिनिधित्वावर अवलंबून आहे. प्रतिनिधीचा ताबा हा त्याला नेमणाऱ्याचा ताबा असतो. खरेदीदाराने आपला माणूस पाठवून माल मागवला असेल, तर त्या माणसाच्या हाती माल पडताच जोखीम खरेदीदाराची झाली. विक्रेत्याने माणूस नेमला असेल, तर तो माणूस दारात पोहोचेपर्यंत माल विक्रेत्याच्याच हातात आहे असे समजावे. आजच्या ऑनलाइन खरेदीत कुरिअर कोण निवडतो? खरेदीदार नव्हे. त्याला पार्सल कोणाच्या गाडीत आहे, कोणत्या गोदामात पडले आहे हेही ठाऊक नसते. वऱ्हाडात चांदूर नावाची गावे एकाहून अधिक असल्याने आमचे पार्सल कधी चांदूर बाजारची सफर करून येते. त्या प्रवासातही खरेदीदाराला कोणी विचारत नाही. म्हणून माझ्या मते, डिलिव्हरीचे शुल्क खरेदीदाराकडून वेगळे घेतले असले तरी वाहक विक्रेत्याच्या बाजूचाच मानला पाहिजे. वाटेत फुटलेल्या मालाची किंमत परत करणे हे विक्रेत्याचे औदार्य नाही, देणे आहे.

मग विक्रेत्याने कोणाकडे पाहावे? वाहकाकडे. हा प्रश्न नवा नाही. आमच्या गावाच्या नावालाच रेल्वे जोडलेली आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला तेव्हापासून या भागातील माल परक्या हातांत देऊन लांब पाठवला जात आहे. रेल्वेच्या व्यवहारात 'ओनर्स रिस्क' आणि 'रेल्वे रिस्क' असे दोन दर जुन्या व्यापाऱ्यांना परिचित आहेत. पहिला दर स्वस्त असतो, परंतु त्या दराने माल पाठवला की नुकसानीनंतर रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करण्याचा भार मालधन्यावर येतो. रस्त्याने माल नेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र १८६५ च्या कॅरिअर्स कायद्यापासून उलट नियम आहे. माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज फिर्यादीला नाही. २००७ चा रस्ते-मालवाहतूक कायदा त्या जुन्या कायद्याच्या जागी आला, परंतु हे तत्त्व त्यानेही राखले.

याच दोन टोकांवर आमचे इमाम बाराशे वर्षांपूर्वी वाद करीत होते, हे मदरशात 'हिदाया' शिकताना प्रथम कळले तेव्हा मला मोठे कौतुक वाटले होते. जो माणूस अनेकांचे काम करतो त्याला फिकहमध्ये 'अजीर मुश्तरक' म्हणतात. धोबी, शिंपी, हमाल, नावाडी हे सारे त्यात आले, आणि आजची कुरिअर कंपनीही. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याच्या हातातील माल ही अमानत आहे. त्याच्या कृतीशिवाय ती नष्ट झाली तर त्याच्यावर भरपाई नाही. परंतु हमाल घसरला, ओझे बांधलेला त्याचाच दोर तुटला, कपडा आपटताना फाटला, तर त्यांच्याही मते भरपाई द्यावी लागते, कारण ती हानी त्याच्या कामातूनच झाली. त्यांचे दोघे शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), याहून पुढे गेले. सर्वत्र पसरलेली आग किंवा दरोडा यांसारखे जे टाळणे शक्यच नव्हते ते वगळता सारी हानी त्यांनी वाहकावर टाकली. हजरत अली (रजि.) कारागिरांकडून भरपाई घेववीत आणि याखेरीज लोकांचे व्यवहार सुधारणार नाहीत असे म्हणत, अशी रिवायत या मताच्या पाठीशी आहे. अमानतीचा मूळ नियम मऊ होता. परंतु लोक त्याच्या आडोशाने बेफिकीर होऊ लागले तेव्हा लोकहितासाठी तो कठोर करावा लागला. कुरिअरच्या गोदामात वरून खाली फेकले जाणारे खोके ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे मत पटण्यास वेळ लागणार नाही.

दुकानाच्या भिंतीवर लावलेली एक पाटी आपण सर्वांनी वाचलेली आहे : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तिचा ऑनलाइन अवतारही आता दिसतो. नाजूक मालाच्या तुटफुटीची जबाबदारी आमची नाही, असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. हे शरीअतला मान्य आहे काय? हनफी फिकहमध्ये विक्रेत्याने सर्व दोषांच्या जबाबदारीतून मुक्त राहण्याची अट घालणे वैध मानले आहे, आणि आमचे काही व्यापारी हा मसला मोठ्या उत्साहाने सांगतात. परंतु ते पुढचे वाचत नाहीत. सौद्याच्या वेळी नसलेला, पण ताबा देण्यापूर्वी उद्भवलेला दोष या अटीत येतो की नाही यावर इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांच्यातच मतभेद आहे. इमाम मुहम्मद तो अटीबाहेर ठेवतात, आणि वाटेतील तुटफूट ही नेमकी त्याच प्रकारची आहे. शिवाय खोक्यातून केवळ काचेचा चुराच बाहेर आला असेल, तर तो सदोष मालही उरला नाही. माल ताब्यापूर्वीच नष्ट झाला, आणि तेथे दोषमुक्तीची अट कामाची नाही. देशाचा कायदा तर याहून स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तेच बंधन ऑनलाइन विक्रेत्यांवर नाव घेऊन घातले. आपण ज्या देशाचे नागरिक आहोत त्याचे न्याय्य नियम पाळण्याचा करार आपण केलेलाच आहे. तेव्हा बारीक अक्षरे लिहून तो मोडणे हे वचनभंगाच्या जवळ जाते.

येथपर्यंत विक्रेत्याला कठोर वाटेल असे लिहिले. आता त्याची वेदना समजून घेतली पाहिजे, कारण ती खरी आहे. ज्याला वस्तूचा कंटाळा आला तो तिला नाण्याने ओरखडा काढतो आणि वाटेत खराब झाली असे कळवतो. ज्याच्या हातून खोका उघडताना चाकू लागला तोही तेच कळवतो. कोणी नवीन वस्तू ठेवून जुनी फुटकी परत पाठवतो. बाजार चालवणारी कंपनी छायाचित्र पाहून काही क्षणांत पैसे परत देते, आणि ते पैसे पुष्कळदा विक्रेत्याच्या खात्यातून वळते होतात. त्यावर परतीचे भाडेही त्यालाच पडते. मोठ्या कंपनीला ही आकडेवारी असते. घरातल्या एका खोलीत अत्तराच्या कुप्या भरणाऱ्या माणसाला ती आठवड्याची कमाई असते. असे चार-पाच वेळा घडले की तो पुढच्या प्रत्येक तक्रारीकडे चोराकडे पाहावे तसे पाहू लागतो.

आणि येथेच या प्रश्नातील सर्वांत अवघड वळण आहे. पाच जण खोटे बोलले आणि सहावा खरे बोलत आहे. त्याची कुपी खरोखरच फुटली आहे. विक्रेता पहिल्या पाचांचा अनुभव सहाव्याच्या पदरात टाकू शकतो काय? कुरआनचा मूलभूत नियम असा की एकाचे ओझे दुसऱ्यावर लादले जात नाही. पाच लबाडांचे देणे सहाव्या प्रामाणिकाकडून वसूल करणे हा अन्याय आहे, भले तो केवळ खात्यावर समतोल साधण्यासाठी केलेला असो. परंतु मग विक्रेत्याने डोळे मिटून सर्वांवर विश्वास ठेवावा काय? तसेही नाही. सूरह अल-बकरामध्ये कर्जाच्या व्यवहारासंबंधी जी दीर्घ आयत आहे तीत लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा आदेश श्रद्धावंतांना दिला आहे, आणि तोही परस्परांतील व्यवहारासाठी. म्हणजे पुरावा मागणे हा संशय घेणे नव्हे. पुरावा संशयाला जागाच ठेवत नाही. खोका उघडतानाचे चित्रीकरण करून ठेवा, असे विक्रेते सांगतात. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा आणि नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी, हा इस्लामी न्यायाचा पायाच आहे.

तथापि पुराव्याचा नियम दोन्हीकडे सारखाच धरला पाहिजे. खोका बांधतानाचे चित्रीकरण विक्रेत्यानेही का करू नये? माल अखंड दिला असे तो म्हणतो, तेव्हा तोही एक दावाच करीत असतो. आणि ज्याच्याकडे चित्रीकरण नाही तो खोटारडाच, असे मानता येत नाही. साठीतील एखादी बाई, जिने नातवाकडून चहाचे कप मागवले, ती खोका उघडताना मोबाइल समोर उभा करून ठेवील अशी अपेक्षा करणे हे तिच्या सत्यावर अशक्य अट घालणे आहे. पुरावा नसणे आणि असत्य असणे यांत न्यायालयात कदाचित भेद करता येत नसेल. माणसाच्या मनात तो केला पाहिजे. जेथे पुरावा नाही, खोटेपणाची खूणही नाही, तेथे विक्रेत्याने तिचे म्हणणे मान्य केले तर तो फसेल का? कधीतरी फसेल. परंतु ज्याने सौदा परत घेऊन समोरच्याची अडचण दूर केली त्याच्या चुका अल्लाह माफ करील, या आशयाची हदीस 'इकाला'च्या प्रकरणात येते. त्या हदीसमध्ये परत करणाऱ्याने आधी आपला खरेपणा सिद्ध करावा अशी अट नाही. इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये व्यापाराविषयी लिहिताना न्याय आणि एहसान हे दोन टप्पे वेगळे केले आहेत, ते याच कारणासाठी. न्याय हा भांडवल राखण्यासारखा आहे, एहसान हा नफा आहे. भांडवल राखल्याशिवाय नफ्याची भाषा करू नये, हे खरे. परंतु जो केवळ भांडवल राखून आयुष्य काढतो त्याला कोणी यशस्वी व्यापारी म्हणत नाही.

आता खरेदीदाराच्या त्या पाच कपांकडे येऊ. प्रश्न लहान दिसतो, पण या साऱ्या विषयाचे मर्म मला त्यात दिसते. कंपनीने पैसे परत दिले, वस्तू ठेवून घ्या म्हटले, मग आता हरकत कशाची? हरकत आहे किंवा नाही हे एकाच गोष्टीवर ठरते. कंपनीला काय सांगितले होते? तक्रारीत सहापैकी एक कप फुटला असे स्पष्ट लिहिले असेल, छायाचित्रात पाच अखंड कप दिसत असतील, आणि हे जाणूनही समोरच्याने पूर्ण रक्कम दिली असेल, तर ते त्याने आपल्या खुशीने सोडलेले आहे. खुशीने दिलेले हलाल आहे. कप वापरावेत. परंतु छायाचित्र केवळ फुटक्या कपाचे काढले असेल, तक्रारीच्या रकान्यांतील 'वस्तू फुटली' एवढ्यावरच बोट ठेवले असेल, तर दिलेली संमती ही वस्तुस्थितीला दिलेली नाही. ती एका अर्धसत्याला दिलेली आहे.

सर्वसाधारण नियम असा की दोष आढळल्यावर खरेदीदाराला दोन मार्ग असतात : माल परत करावा व पूर्ण किंमत घ्यावी, किंवा माल आहे तसा ठेवावा व किंमत सोडून द्यावी. माल ठेवून किंमत कमी करून घेणे हे विक्रेत्याच्या संमतीनेच होते. (जोड्यातील एकच बूट सदोष निघाला तरी दोन्ही परत करावे लागतात, कारण एका बुटाला किंमत नसते. सुट्या वस्तूंचे तसे नाही, ताबा झाल्यावर त्यांतील सदोष तेवढी परत करता येते. कपांचा संच बुटाच्या जोडीसारखा मानावा की सुट्या वस्तूंसारखा, हे घरात पाहुणे किती येतात यावर अवलंबून असावे.) विक्रेत्याशी बोलून एका कपाची किंमत परत घ्यावी आणि पाच कप ठेवावेत, हा तडजोडीचा मार्ग दोघांनाही सोपा आहे. पूर्ण किंमतही आपली आणि पाच कपही आपले, हा तिसरा मार्ग विक्रेत्याने डोळे उघडे ठेवून दिल्याखेरीज शरीअतमध्ये नाही.

येथे बहुधा असे म्हटले जाते की, निर्णय तर त्यांनीच दिला, मी काही जबरदस्ती केली नाही. या युक्तिवादाचे उत्तर आधीच दिलेले आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा : प्रेषितांनी वाद घेऊन येणाऱ्यांना सांगितले की मी माणूस आहे, तुमच्यातील एखादा आपली बाजू अधिक कुशलतेने मांडील आणि जे ऐकले त्यावरून मी त्याच्या बाजूने निर्णय देईन. परंतु ज्याला मी त्याच्या भावाचा हक्क देऊन टाकीन त्याला मी आगीचा तुकडाच दिलेला असेल. विचार करावा, हे स्वतः प्रेषितांच्या निर्णयाविषयी सांगितले आहे. त्यांच्या न्यायासनावरून मिळालेली वस्तू जर खोट्या मांडणीमुळे हलाल होत नाही, तर छायाचित्र पाहून यंत्राने दिलेल्या परताव्याने ती कशी होईल? कंपनीचा निर्णय पैसा कोणाच्या खात्यात राहील एवढेच ठरवतो. तो कोणाचा आहे हे ज्याने खोका उघडला त्याला ठाऊक असते.

कंपनी श्रीमंत आहे, तिला काय फरक पडतो, असेही म्हटले जाते. पहिली गोष्ट, श्रीमंताचा माल हरामच्या मार्गाने घेणे हलाल होत नाही. दुसरी गोष्ट, पुष्कळदा ते पैसे कंपनीचे नसतातच. पडद्यावर कंपनीचे नाव मोठे आणि विक्रेत्याचे नाव अगदी बारीक असते. त्यामुळे आपण कोणाकडून घेत आहोत हेच दिसेनासे होते. पार्सलवरच्या बिलात मात्र विक्रेत्याचे नाव आणि गाव असते. ते वाचावे. तो कदाचित मुरादाबादचा पितळकाम करणारा असेल, खुर्जाचा कुंभार असेल, किंवा अमरावतीच्या एखाद्या गल्लीतील विधवा असेल. तो कोणत्या धर्माचा आहे याने हक्कात फरक पडत नाही. ज्या बिगरमुस्लिमाशी शांततेचा करार आहे त्याच्यावर अन्याय करणाऱ्याच्या विरोधात कियामतच्या दिवशी मी स्वतः बाजू मांडीन, असा इशारा प्रेषितांनी दिलेला आहे. परवा घेतलेल्या खोट्या परताव्याची ज्याला टोचणी लागली असेल त्याने त्या बिलावरच्या विक्रेत्याला गाठून रक्कम पोचती करावी. सदका केल्याने हे देणे फिटत नाही. सदक्याची वाट धनी सापडेनासा झाल्यावरची आहे.

चरित्रकार इमाम अबू हनीफा यांच्याविषयी एक प्रसंग सांगतात. ते कूफ्यातील कापडाचे व्यापारी होते. भागीदार हफ्स यांच्याकडे त्यांनी माल पाठवला आणि त्यातील एका कापडात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला दाखवूनच विक, असे बजावले. भागीदार विसरला, आणि कोणी घेतले हेही त्याला आठवेना. इमामांनी त्या विक्रीची सारी किंमत दान केली. हा प्रसंग सांगून आम्ही इमामांच्या ईशभयाची वाखाणणी करतो आणि थांबतो. परंतु त्यांनी दान केले ते गिऱ्हाईक सापडत नव्हते म्हणून. आजच्या विक्रेत्यापाशी गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता व फोन असतो. तडा गेलेली कुपी खोक्यात गेल्याचे रात्री लक्षात आले, तर ती पोहोचण्याआधीच फोन करता येतो. धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांना आत ओल लागली तेव्हा त्यांनी विक्रेत्याला विचारले होते की, लोकांना दिसावे म्हणून भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस. पावसाने भिजले, हे त्या विक्रेत्याचे उत्तर खरे होते. भिजण्यात त्याचा दोष नव्हता, ओल खाली झाकण्यात होता.

आता त्या तिसऱ्या माणसाविषयी. पार्सल फुटले की काही ठिकाणी त्याचे पैसे डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या कमाईतून कापले जातात. फिकहमध्ये एकाच धन्याचे काम करणारा नोकर हा 'अजीर खास' असतो, आणि त्याच्या हातून मुद्दाम केलेला किंवा बेपर्वाईचा अतिक्रम झाल्याशिवाय त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही. कंपनी आपल्याला त्याचा धनी म्हणवत नाही, तो स्वतंत्र भागीदार आहे असे करारात लिहिते. परंतु त्याचा मार्ग, वेळ आणि मोबदला तीच ठरवत असेल, तर कागदावरील नावाने त्याची स्थिती बदलत नाही, असे मला वाटते. त्याने खोका फेकला असेल तर त्याने भरावे. विक्रेत्याने काचेच्या भांड्यांभोवती वर्तमानपत्राचा एकच कागद गुंडाळला असेल, किंवा आषाढाच्या पावसात कंपनीने पिशवीवर टाकायला साधे आवरणही दिले नसेल, तर त्याचे पैसे कापणे हा जुलूम आहे. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या असे सांगणाऱ्या दीनमध्ये मजुरी देऊन परत काढून घेण्याला जागा नाही. येथे खरेदीदारावरही एक भार येतो. पार्सलनंतर तारे देण्याचा जो रकाना असतो, त्याला आपण खेळ समजतो. वास्तविक ती साक्ष आहे, आणि तिच्यावरून कोणाचे तरी काम जाते किंवा राहते. म्हणून दारात आलेल्या मुलाने, खोका गोदामातूनच ओला आला होता, असे सांगितले असेल आणि आपल्यालाही तो तसा दिसला असेल, तर तक्रार लिहिताना तेवढे एक वाक्यही लिहावे.